आमचा नंबर कधी?

आजोबांचं नाव नातवाला ठेवायची आमच्याकडे पद्धत. आजोबा गेले, पाठोपाठ मी आलो आणि पांडुरंग झालो. पंचाईत पुढे सुरू झाली. आजी नवऱ्याचं नाव घेईना, आई सासऱ्याचं. बाबांना मला झापायचं असायचं, पण साक्षात वडिलांच्या नावापुढे 'गाढवा' कसं लावणार? त्यामुळे हौसेनं ठेवलेलं नाव फक्त शाळेच्या फॉर्मवर, घरात मी बाळ्या.

तसं नाव वजनदार. साने गुरुजी पांडुरंग, मुळशीचा सत्याग्रह लढवणारे सेनापती बापट पांडुरंग. धर्मशास्त्राचा इतिहास लिहिणारे, १९६३ साली भारतरत्न मिळालेले काणे पांडुरंगच. पार मेक्सिकोत जाऊन मक्यावर संशोधन करणारे खानखोजे, तेसुद्धा! त्या पिढीत हे नाव ठेवलं की पोरगं एक तर तुरुंगात जायचं, नाही तर ग्रंथ लिहायचं.

मग १९७५ साली दादा कोंडक्यांचा 'पांडू हवालदार' आला. पिक्चर झकास, तक्रार नाही. पण पांडू म्हणजे हवालदार हे मुंबईच्या डोक्यात जे बसलं, ते बसलंच.

परवा नाकाबंदीत अडकलो. मागे बसलेला मित्र वैतागून ओरडला, "ए पांडू, आटप की लवकर!"

हवालदारसाहेबांनी चलानाच्या मशीनवरून मान वर केली. "कोण रे पांडू?"

"मी, साहेब."

त्यांनी लायसन घेतलं, नाव वाचलं, फोटो पाहिला, पुन्हा नाव वाचलं. मग आधार कार्ड मागितलं. "आमच्या वडिलांचं पण हेच," एवढंच म्हणाले आणि मागच्याच्या हेल्मेटचा दंड पुरेपूर लावला.

आता तर नाव पाळण्यातूनही गेलंय. पुतण्याचं बारसं नेमकं आषाढीच्या दिवशी आलं. घरातल्या प्रत्येकाच्या स्टेटसला विठ्ठल, स्पीकरवर अभंग. म्हटलं, एवढं सगळं आहे तर पांडुरंगच ठेवा की. सगळे माझ्याकडे असे बघायला लागले, की जणू मी बाळाला तंबाखू देतोय. वहिनी म्हणाल्या, "भावोजी, देवाचं हवंय, पण जरा मॉडर्न."

बायकांनी पाळण्याखालून बाळ फिरवलं. 'कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या.' म्हणजे इथेही आमचा नंबर नाहीच! आत्याबाईंनी कानात कुर्र केलं: रेयांश. अर्थ विचारला, तर दोघांनी दोन सांगितले आणि तिसऱ्यानं मोबाइल काढला.