करंट येईना

गावात ट्रॅक्टर बंद पडला तर दोन माणसं जमतात, विहिरीची मोटार जळाली तर चार. पण दोरी ओढून सुरू करायचं यंत्र रुसलं, की अख्खी गल्ली गोळा होते. दोरी दिसली की प्रत्येकाला ती ओढावीशी वाटते, आणि आपण ओढली तरच सुरू होईल असंही वाटतं.

आमच्या तरुण मंडळाकडं असं एक यंत्र आहे. होडीच्या पाठीला अडकवायचं, दोन सिलिंडरचं, पेट्रोलात ऑइल मिसळून पिणारं जुनं टू-स्ट्रोक आऊटबोर्ड. 2019 च्या ऑगस्टात कृष्णा, वेदगंगा आणि दूधगंगा एकदमच माणसांच्या घरात शिरल्या, तेव्हा गावाला कळलं की पोहणारी पोरं आणि गुळाची काहील एवढ्यावर भागत नाही. काहिलीत बसून पूर ओलांडला असं सांगायला झकास वाटतं. पण काहील गोल, तिला पुढचं-मागचं असं काही नसतंच. माणसं शाळेकडं निघायची आणि मळ्याकडं पोचायची. म्हणून वर्गणी निघाली आणि कोकणातून एक जुनी फायबरची होडी व तिच्याहून जुनं हे मशीन आलं. विकणाऱ्यानं ‘एका दोरीत सुरू होतंय’ असं छातीठोक सांगितलं होतं. झालंही. दुसऱ्या वेळी दोरी तुटली.

यंदा भोज-कारदगा, जत्राट-भिवशी, अक्कोळ-सिदनाळ या बंधाऱ्यांवर पाणी चढायच्या आत मशीन तपासून ठेवावं, असं ठरलं. पंचायतीसमोर लाकडी घोडीवर ते बसवलं. पोरांनी आळीपाळीनं दोरी ओढली. मशीननं नुसता खोकल्यासारखा आवाज केला आणि मान टाकली.

मग निदानं सुरू झाली. आप्पा म्हणाले, पेट्रोलात पाणी आहे. तात्या म्हणाले, कार्बोरेटरात कचरा आहे. एका आक्कांनी रस्त्यानं जाता जाता ‘नारळ फोडला न्हाईसा, मग कसं हुईल?’ असं विचारलं आणि उत्तराला न थांबता पुढं गेल्या. पंचायतीचे अध्यक्ष म्हणाले, चोक ओढा. चोक ओढून पुन्हा दोरी, पुन्हा चोक, असं करत पोरांनी मशीनला इतकं पेट्रोल पाजलं की वासानं शेळ्या लांब गेल्या.

शेवटी मिस्त्रींना बोलावलं. त्यांची हयात राजदूत आणि येझदी या जुन्या मोटारसायकलींवर गेलेली. म्हैसूरचा येझदीचा कारखाना 1996 ला बंद पडला. मिस्त्रींचं गॅरेज मात्र चालूच. ते माणसांशी मराठीत बोलतात, मशीनशी कानडीत, आणि शिव्या तेवढ्या हिंदीत देतात, म्हणजे गावात कुणाच्या अस्मितेला धक्का नको. महाराष्ट्र-कर्नाटक सीमेचा दावा 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे. निकालाची वाट बघायची आम्हाला सवय आहे. मिस्त्रींना नाही. त्यांनी आधी दोरी पोरांच्या हातून काढून घेतली आणि दोन्ही प्लग खोलले. दोन्ही ओलेचिंब.

‘पेट्रोल पोचतंय. पेटत न्हाई. म्हंजे करंट न्हाई. आता कार्बोरेटरचं नाव कुणी काढायचं न्हाई.’

तात्या हिरमुसले.

करंट बघायची रीत अशी: प्लग टोपीत घालायचा, त्याचं लोखंडी अंग इंजिनाच्या उघड्या धातूला टेकवायचं आणि दोरी ओढायची. टोकाशी निळी, चटका देणारी ठिणगी पडली तर ठीक. पिवळट, मरतुकडी पडली तर पुढं बघायचं. अडचण एकच, भर उन्हात ठिणगी दिसत नाही. तेव्हा अध्यक्षांच्या घरून घोंगडं आलं. घोंगड्याखाली मिस्त्री, मी आणि मशीन. प्लग धरायचं काम माझ्याकडं, कारण मी शाळेत विज्ञान शिकवतो. बाहेरून पोरं दोरी ओढत होती आणि आतून आम्ही ‘न्हाई… न्हाई…’ असं ओरडत होतो. घोंगड्याबाहेर नवीन आलेल्या माणसांना आत काय चाललंय हे कोण सांगत होतं, ते मला कळलं नाही. पण बाई-माणसं तोंडाला पदर लावून निघून गेली, एवढं घोंगड्याच्या भोकातून दिसलं.

दोन्ही प्लगला करंट नव्हता. मिस्त्रींना याचा उलट आनंद झाला. दोन सिलिंडरना दोन क्वाईल, म्हणजे प्लगला ठिणगीचा करंट पुरवणाऱ्या तारेच्या गुंडाळ्या. दोन्ही एकाच दिवशी मरत नाहीत. तेव्हा दोघांत सामाईक काय आहे ते धरायचं. सामाईक होता बंद करायचा स्विच. त्याला लाल क्लिप आणि दोरी असते, ती चालवणाऱ्यानं मनगटाला बांधायची. माणूस पाण्यात पडला की क्लिप निघते, स्विच सगळा करंट इंजिनाच्या अंगात सोडून देतो आणि मशीन थांबतं. आमच्या स्विचात गाळ जाऊन बसला होता. त्यामुळं कुणी पडलेलं नसतानाही मशीन आपलं थांबलेलंच. मिस्त्रींनी स्विचची वायर सोडवली, टोकाला चिकटपट्टी गुंडाळली आणि बाजूला खोचली.

पुन्हा घोंगडं. या खेपेला मी असा ओरडलो की घोंगडं आपोआप उडालं. मिस्त्री शांतपणे बाहेरच्यांना म्हणाले, ‘खालच्याला हाय.’

वरचा अजून मेलेलाच. प्लगची अदलाबदल केली, फरक नाही. मग दोन्ही क्वाईल एकमेकांच्या जागी लावल्या. बिघाड क्वाईलबरोबर खाली गेला असता तर क्वाईल वाईट. तो वरच राहिला, म्हणजे क्वाईल निर्दोष. एवढा सरळ पुरावा मी पंचायतीसमोर पहिल्यांदाच बघितला. राहिले मॅग्नेटच्या, म्हणजे चुंबकवाल्या चाकाच्या खालचे प्लॅटिनम पॉइंट. त्यांची उघडझाप झाली की ठिणगी पडते.

मॅग्नेटचा नट निघाला, पण मॅग्नेट हलेना. एक पोरगा उत्साहानं घण घेऊन आला. ‘चुंबक फुटतील, क्रँकचं आटं जातील, आनी तू बी जाशील,’ म्हणून मिस्त्रींनी त्याला परत पाठवलं आणि पुलर लावला. कटकन आवाज करून मॅग्नेट सुटलं. खाली वरच्या सिलिंडरचे पॉइंट ऑइलनं माखून काळेठिक्कर. पॉलिश पेपर फिरवला, मग मिस्त्रींनी कोरा जाड कागद मागितला. अध्यक्षांनी खिशातून कुणाची तरी लग्नपत्रिका काढली. तिचा कोरा कोपरा पॉइंटमधून ओढला तेव्हा सगळी काळी घाण पत्रिकेवर उतरली. पाहुण्यांचं नाव वाचलं, म्हणून थोडा वेळ चर्चा तिकडं वळली. गॅप अर्धा मिलिमीटर, पाती घालून बसवला. मॅग्नेट परत चढवताना खाचेतली चावी मिस्त्रींनी डोळ्याजवळ धरून बघितली. ती कातरलेली असेल तर ठिणगी पडते, पण भलत्याच वेळी.

याच वेळी आप्पा विडी पेटवून पेट्रोलच्या कॅनवर बसले. निपाणी भाग आमचा, तंबाखूबद्दल कुणी कुणाला बोलत नाही. मिस्त्री माणसाशी कानडीत बोलल्याचं मी त्या दिवशी प्रथमच ऐकलं. आप्पांना कानडी येत नाही, तरी ते लगेच उठले.

मशीन कोरडं चालवलं तर आतला पाण्याचा पंप जळतो, म्हणून पाण्यानं भरलेलं पिंप खाली सरकवलं. दोरी ओढली आणि मशीन असं दणाणलं की पिंपातलं निम्मं पाणी पहिल्या रांगेवर आलं. निळा धूर, शिट्ट्या, कुणीतरी गुलालही शोधला. अध्यक्ष दोन शब्द बोलायला उभे राहिले. ते शब्द आजतागायत कुणाला कळलेले नाहीत.

पिंपातलं पाणी खाली जायला लागलं तसं मी लाल क्लिप ओढली. मशीन चालूच. तात्यांनी ओढली. अध्यक्षांनी भाषण थांबवून ओढली. अख्ख्या गल्लीनं एकेकदा क्लिप ओढून बघितली. चिकटपट्टी गुंडाळलेली वायर मशीनच्या कुशीत मजेत थरथरत होती. शेवटी मिस्त्रींनी वाट काढत येऊन चोक पूर्ण ओढला. मशीन पेट्रोलनं गुदमरलं आणि थांबलं.

‘मिस्त्री, हे बंद हुत न्हाई की वो!’ आप्पा म्हणाले.

मिस्त्री पाने पुसत होते. ‘सुरू हुत न्हाई म्हणून बोलावलासा,’ ते म्हणाले. ‘बंद हुत न्हाई, ही तक्रार वेगळी. तिचं पैसं बी वेगळं.’