सॅगचा खो-खो आपल्या खान्देशात का नको?

गेल्या महिन्यात तालुक्याच्या स्पर्धेत आमच्या शाळेच्या एका पोरीनं खुंटाजवळ सूर मारला. गडी बाद केला, पण उठली तेव्हा कोपरापासून मनगटापर्यंत कातडी सोललेली. मैदानात मातीपेक्षा मुरूमच जास्त. कपडे बदलायला आडोसा नाही, चौघी ओढण्या धरून उभ्या. परतताना तिला २०१६ च्या गुवाहाटीची गोष्ट सांगितली. दक्षिण आशियाई स्पर्धेत, म्हणजे सॅगमध्ये, खो-खो पहिल्यांदा तिथंच आला आणि दोन्ही सुवर्णपदकं आपल्या पोरा-पोरींनी आणली. तिनं विचारलं, "सर, आपलाकडे कधी व्हई आसं?"

त्या दिवसापासून हा प्रश्न डोक्यातून जात नाही. भारतात ही स्पर्धा १९८७ ला कोलकात्यात झाली, १९९५ ला मद्रासला, मग थेट २०१६ ला. तेव्हा एकट्या गुवाहाटीवर भार न टाकता काही खेळ शिलाँगलाही दिले. मग पुन्हा भारताची पाळी येईल तेव्हा खो-खो आणि कबड्डी जळगाव, धुळे, नंदुरबारला का देऊ नये? चौदावी स्पर्धा पाकिस्तानात व्हायची, ती नुसती पुढे ढकलली जातेय. म्हणजे तयारीला वेळ आहे.

"सोयी कुठायत?" असं लोक म्हणतात. अहो, २०१५ च्या भूकंपात काठमांडूचं दशरथ स्टेडियम खिळखिळं झालं होतं. नेपाळनं ते पुन्हा उभं केलं आणि २०१९ ची स्पर्धा घेतली. आणि आपलं फैजपूर? १९३६ ला काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन तिथं झालं. नंदलाल बोस यांनी बांबूचं अख्खं नगर उभारलं होतं. अमळनेरनं २०२४ ला साहित्य संमेलन घेतलं. पाहुणे सांभाळणं आम्हाला कुणी शिकवायला नको. फक्त तारखा हिवाळ्यातल्या ठेवा, मे महिन्यात आमचं ऊन पाहुण्यांना झेपणार नाही. थंडीत बांगलादेश, नेपाळच्या पोरी शेतात बसून भरीत आणि कळण्याची भाकरी खातील, शेजारी आमच्या पोरी असतील.

मला उद्घाटनाची रोषणाई नको. तीन जिल्ह्यांत तीन बंदिस्त हॉल, मॅट आणि कडी लागणाऱ्या चेंजिंग रूम हव्यात. पाहुणे गेल्यावरही त्या इथंच राहतील.

परवा तिच्या हाताची खपली पडली. उद्या सकाळी सहाला सराव आहे. मुरूम वेचायला आम्ही अर्धा तास आधी जमतोय.