रेडफिश फक्त तळाशीच खातो, हे खरे नाही

अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावर हौसेने गळ टाकणाऱ्यांत रेडफिशबद्दल एक सल्ला वारंवार दिला जातो : या माशाचे तोंड खालच्या बाजूला असल्यामुळे तो तळाशीच खातो, म्हणून शेपटी पाण्याबाहेर दिसताच आमिष त्याच्या डोक्यावर टाकावे, ते तळाशी सोडून त्याला निवांत गिळू द्यावे आणि ओहोटी लागली की परतावे.

तोंडाबद्दलचे निरीक्षण बरोबर आहे. आपल्या घोळीच्याच कुळातला हा मासा घशातील दातांनी खेकड्याचे कवच सहज फोडतो. परंतु त्यावरून काढलेला निष्कर्ष टिकत नाही, कारण बोय आणि मेनहेडन यांसारख्या माशांचाही तो पाठलाग करतो आणि पृष्ठभागावर ओढलेले तरंगते आमिषही घेतो. तसे घेताना त्याला डोके वर उचलावे लागते आणि पुष्कळदा नाकाडाच्या धक्क्याने आमिषच पुढे ढकलले जाते. मात्र ही अडचण म्हणजे नकार नव्हे.

शेपटीचा मुद्दा अधिक बारकाईने पाहायला हवा. दक्षिण कॅरोलिना आणि जॉर्जियात अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात खाऱ्या दलदलीतील गवताळ भाग बुडतो, तेव्हा रेडफिश तेथील फिडलर खेकड्यांसाठी जेमतेम गुडघाभर पाण्यात शिरतो आणि डोके खाली घालून खाऊ लागला की त्याची शेपटी वर येते. अशा वेळी त्याचे लक्ष समोरच्या चिखलात असते, पण इतक्या उथळ पाण्यात अंगावर काही आदळले तर तो क्षणात पळतो. आमिष त्याच्या वाटेत थोडे पुढे टाकून हलकेच त्याच्या नजरेच्या टप्प्यात आणावे, हेच योग्य आहे.

ओहोटीचा सल्ला तर उलटाच आहे : उतरत्या पाण्याबरोबर कोळंबी आणि लहान मासे गवतातून बाहेर पडतात, आणि रेडफिश अनेकदा ओहोळाच्या तोंडाशी त्यांची वाट पाहत थांबतो.

‘गिळू द्यावे’ हा भाग मला सर्वांत घातक वाटतो, कारण खोल गिळलेला गळ आतड्याला इजा करतो आणि सोडून दिलेला मासाही पुढे मरू शकतो. १९८०च्या दशकात या माशाची बेसुमार पकड झाली, टेक्सासने १९८१मध्ये तेथे पकडलेल्या रेडफिशच्या विक्रीवर बंदी घातली, आणि ज्या माशाचे आयुष्य काही दशकांचे असू शकते, त्याची संख्या सावरायला वेळ लागतो. आमिष तळाशी सोडायचेच असेल, तर टोक आत वळलेला गोल गळ वापरावा. तो बहुधा जबड्याच्या कोपऱ्यात अडकतो.