‘डबा काढा, पाईप लावा’: एका फॉरवर्डला उत्तर

गेल्या महिन्याभरात फिरत असलेला एकच मेसेज मला चार जणांनी फॉरवर्ड केला. चौघांनाही ठाऊक आहे की माझ्याकडे जुनी मारुती ८०० आहे, हवेत पेट्रोल मिसळायला कार्बोरेटर असलेली. मेसेजचा मतलब असा: एअर क्लीनरचा (इंजिनात जाणारी हवा गाळणारा) काळा डबा काढून टाका, हार्डवेअरच्या दुकानातून पीव्हीसी पाईप आणि एल्बो आणा, टोकाला कोन फिल्टर (शंकूच्या आकाराचा उघडा फिल्टर) बसवा. खर्च हजाराच्या आत. ताकद ५ बीएचपीने वाढते, मायलेज लिटरमागे ३ किलोमीटरने वाढतं, इंजिनाला थंड हवा मिळते, फिल्टर धुऊन जन्मभर वापरता येतो. आणि शेवटी ठसक्यात एक वाक्य: कंपनीने इंजिनाचा गळा मुद्दाम आवळून ठेवलाय.

हा उद्योग मी स्वतः केलेला आहे. आठ महिने तो पाईप लावून फिरलो, मग मूळ डबा परत चढवला. तेव्हा हे काही गॅरेजबाहेर उभं राहून दिलेलं ज्ञान नाही.

आधी गळा आवळण्याचं बघू, कारण बाकी सगळं त्याच्यावरच उभं आहे. ८०० चं इंजिन ७९६ सीसीचं. फोर स्ट्रोक असल्यामुळे दर दोन फेऱ्यांत ते एकदा पोटभर हवा घेतं. ५,००० आरपीएमला हिशेब केला तर मिनिटाला १,९९० लिटर. प्रत्यक्षात सिलिंडर पूर्ण भरत नाहीत, म्हणून १,६०० धरा. म्हणजे पाण्याचे २० लिटरचे ८० जार, दर मिनिटाला. ऐकायला खूप वाटतं, पण त्या डब्याला ते जड जातं का? हे मोजता येतं, आणि मोजायला गवंड्याची लेव्हलची नळी पुरते.

डब्याच्या आत, फिल्टरच्या पलीकडे, ब्रीदरची नळी (इंजिनातली वाफ डब्यात आणणारी) जिथे जोडलेली असते त्या तोटीवर लेव्हलची पारदर्शक नळी लावायची. दुसरं टोक खिडकीतून गाडीत घ्यायचं, नळीला इंग्रजी ‘यू’चा आकार द्यायचा आणि त्यात कुंकू कालवलेलं थोडं पाणी भरायचं. यू चांगला चार फूट उंच ठेवा, नाहीतर पाणी थेट इंजिनात ओढलं जाईल. मग चढावर दुसऱ्या गिअरमध्ये पाय तळाला टेकवायचा आणि शेजारच्याने दोन्ही बाजूंच्या पाण्यातला फरक पट्टीने मोजायचा. पुण्याजवळच्या दिवे घाटात मी आणि माझ्या मेव्हण्याने हे केलं. (मेव्हणा अजून त्यावरून टोमणे मारतो.) जुना, काळवंडलेला फिल्टर असताना फरक १९ सेंटिमीटर आला. नवा कागदी फिल्टर घातल्यावर १२.

आता वातावरणाचा दाब म्हणजे साधारण १० मीटर पाण्याची उंची, म्हणजे १,००० सेंटिमीटर. त्यातले १२ गेले, म्हणजे १.२ टक्के. डबा, फिल्टर, सोंड (डब्याची बाहेरून हवा ओढणारी नळी) सगळं उडवून लावलं आणि कार्बोरेटर उघडा ठेवला, तरी मिळून मिळून एवढंच मिळणार. ८०० चं इंजिन ४० बीएचपीच्या आतलं. त्याचे १.२ टक्के म्हणजे अर्धा बीएचपीसुद्धा होत नाही. पाच बीएचपी हवे असतील तर माझ्या नळीत सव्वा मीटरचा फरक दिसायला हवा होता. तेवढी ओढ असती तर कागदी फिल्टर चुरगळून आत गेला असता. हवेला खरा अडथळा पुढे आहे, कार्बोरेटरच्या अरुंद गळ्यात आणि व्हॉल्व्हच्या वाटेत, आणि तिथे पीव्हीसी पाईप पोचत नाही.

आणि हो, जुना फिल्टर बदलला तेव्हा जे ७ सेंटिमीटर वाचले, ते एका फिल्टरच्या किमतीत. ज्यांना ‘पाईप लावल्यावर फरक जाणवला’ त्यांनी बहुतेक वेळा त्याच दिवशी वर्षानुवर्षं न बदललेला फिल्टरही काढून टाकलेला असतो.

मायलेजचं थोडक्यात. रोजच्या चालवण्यात, समजा पन्नासच्या वेगाने, कार्बोरेटरमधली थ्रॉटलची झडप अर्ध्याहून जास्त मिटलेली असते. तिच्या पलीकडे चार-पाच मीटर पाण्याइतकी ओढ असते. डब्याचा अडथळा त्या वेळी जेमतेम सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर. तो काढलात तर तुमचा पाय पेडलवर केसभर वर येईल, बस्स. पेट्रोल तेवढंच जळणार. माझ्या वहीत आठ महिन्यांत मायलेज वाढल्याची एकही नोंद नाही.

‘थंड हवा’ हा तर या मेसेजमधला सगळ्यांत गमतीचा भाग. फोटोत तो कोन फिल्टर बसलाय बॉनेटच्या आत, रेडिएटरच्या मागे, एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून (जळका धूर बाहेर नेणाऱ्या तापलेल्या नळ्यांपासून) वीतभर अंतरावर. बाहेर ३५ अंश आणि सिग्नलला उभ्या गाडीच्या बॉनेटखाली ६५ अंश असेल, तर त्या गरम हवेची घनता ९ टक्क्यांनी कमी. वर वाचवलेले १.२ टक्के आणि हे गेलेले ९! गाडी पळायला लागली की हा आकडा खाली येतो, पण शहरात पळते कुठे? शिवाय पीव्हीसीचं पाणी वाहून नेण्याचं काम ६० अंशांच्या आतलं. त्यापुढे ते मऊ पडायला लागतं. माझा एल्बो एप्रिलमध्ये चक्क खाली झुकला आणि क्लिपपाशी फट पडली. त्या फटीतून फिल्टर न झालेली हवा किती दिवस आत जात होती, देव जाणे.

मग काही हुशार मंडळी पाईप वळवून बंपरच्या मागे, खाली सोडतात. हवा खरंच थंड मिळते. पण आपल्याकडे जून ते सप्टेंबर नावाचा प्रकार असतो. ८०० च्या एका सिलिंडरचं आकारमान २६५ सीसी आणि पिस्टन वर आल्यावर उरणारी जागा साधारण ३५ सीसी, म्हणजे सात चहाचे चमचे. याहून जास्त पाणी सिलिंडरमध्ये शिरलं की पिस्टन वर येऊ शकत नाही, कारण पाणी दबत नाही, आणि वाकतो तो कनेक्टिंग रॉड. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा पुन्हा सेल्फ मारून इंजिनं कशी गमावतात हे मुंबईने पाहिलं. मूळ सोंड उंचावर ठेवणाऱ्याला हे कळत होतं.

आता ज्यासाठी मी खरं तर हे लिहायला बसलो ती गोष्ट: धूळ. चांगला कागदी फिल्टर ९९ टक्क्यांहून जास्त धूळ अडवतो. समजा ९९.५ टक्के. स्वस्त कोन फिल्टर ९७ टक्के अडवत असेल तर ऐकणाऱ्याला वाटतं, अडीच टक्क्यांनी काय होतंय? पण इंजिनाला मतलब अडकलेल्या धुळीशी नाही, आत गेलेल्या धुळीशी आहे. ती अर्ध्या टक्क्यावरून तीन टक्क्यांवर गेली, म्हणजे सहापट झाली. रस्त्याच्या धुळीत सिलिका असते. ती पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरच्या भिंतीमध्ये पॉलिश पेपरसारखी घासते. जुन्या इंजिनात रिंगा आधीच दमलेल्या असतात.

माझ्या शब्दावर जाऊ नका. फिल्टर आणि कार्बोरेटर यांच्यामधल्या पाईपच्या आतल्या बाजूला व्हॅसलीनचा पातळ थर लावा आणि ५०० किलोमीटर चालवून बोट फिरवा. माझ्या बोटावर करडी, करकरीत माती आली. मूळ डब्यात तोच प्रयोग केला तेव्हा बोट जवळजवळ स्वच्छ. धुण्याजोगा फिल्टर धुऊन, पूर्ण वाळवून, त्याचंच तेल बेताने लावावं लागतं. कमी पडलं तर धूळ आत, जास्त झालं तर तेल आत. हे दर खेपेला नीट करणारा माणूस मी तरी नाही. उलट कागदी फिल्टर थोडा मळला की अधिकच बारीक गाळतो.

मग आठ महिने मला गाडी जोरात का वाटत होती? आवाजामुळे. डबा म्हणजे नुसता फिल्टरचा खोका नाही, तो हवा ओढण्याचा घोगरा आवाजही गिळतो. तो काढला की पेडल दाबताच ८०० गुरगुरते आणि आपली छाती फुगते. आवाज आवडत असेल तर तसं सरळ म्हणा, माझी हरकत नाही.

एक गोष्ट या मेसेजला विरोध करणाऱ्यांनाही सांगायला हवी. ‘डबा काढला की मिक्श्चर लीन होऊन (हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडून) पिस्टन जळतो’ हे कारच्या बाबतीत सरसकट खरं नाही. बहुतेक कारच्या कार्बोरेटरमध्ये फ्लोट चेंबरला (पेट्रोल साठवणाऱ्या छोट्या वाटीला) हवेचा दाब वरच्या तोंडातूनच मिळतो, त्यामुळे मिक्श्चर फारसं हलत नाही. हे खरं होतं ते आरएक्स १०० सारख्या टू स्ट्रोक बाईकवर. तिथे फ्लोट चेंबर बाहेरच्या हवेला उघडा असतो, डबा काढून मेन जेट (पेट्रोल सोडणारं मुख्य छिद्र) तोच ठेवला की मिक्श्चर लीन होतं आणि लांबच्या पल्ल्यात पिस्टन सीझ होतो, म्हणजे सिलिंडरमध्ये अडकतो. कारची भीती बाईकवरून उचललेली आहे.

डबाच गंजून फुटलाय आणि भंगार बाजारातही मिळत नाही, अशी वेळ येतेच. तेव्हा घरी जुळवाजुळव करायला मीच मदतीला येईन. पण पीव्हीसी नको, पत्र्याचा किंवा रबरी पाईप घ्या. दुसऱ्या गाडीचा बंद डबा आणि कागदी फिल्टर शोधा, सोंड एक्झॉस्टपासून लांब आणि हेडलाइटच्या वर ठेवा. ब्रीदरची नळी उघडी सोडू नका, ती फिल्टरच्या आतल्या बाजूलाच जोडा. आणि पहिल्यांदा सेल्फ मारण्याआधी पाईप आतून ओल्या फडक्याने दोनदा पुसा, कारण कापताना पडलेला कीस पहिल्याच स्टार्टला आत जातो.