तायक्वांदोचं वय : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

तायक्वांदोच्या जन्मावर मी मागे लिहिलेल्या लेखावर तुम्ही भली मोठी प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल आधी आभार. इतकी वर्षं मुलांना शिकवणारा माणूस वेळ काढून लिहितो, मग रागाने का होईना, याची मला किंमत आहे. बाकीच्या वाचकांसाठी तुमचे मुद्दे थोडक्यात सांगतो. तायक्वांदो दोन हजार वर्षं जुना आहे. गोगुर्यो या प्राचीन कोरियन राज्याच्या थडग्यांतली भित्तिचित्रं आणि सिल्ला या दुसऱ्या जुन्या राज्यातले ह्वारांग, म्हणजे निवडक तरुणांचे गट, हे त्याचे पुरावे, असं तुमचं म्हणणं. 'तायक्वांदो कराटेतून आला' असं लिहून मी कोरियन गुरूंचा अपमान केला, हा दुसरा आक्षेप. आणि तिसरा, तेक्क्यॉन ही जुनी कोरियन विद्या मी एका वाक्यात उडवून लावली.

तिसऱ्या मुद्द्यात तुमचं बरोबर आहे, चूक माझी. त्याकडे शेवटी येतो. पहिल्या दोन मुद्द्यांवर मात्र माझं मत तेच आहे.

आधी चित्रं. तुम्ही सांगता ते चित्र मुयोंगचोंग नावाच्या थडग्यातलं आहे. ही जागा आज चीनच्या जिलिन प्रांतात, जिआनजवळ येते. चित्रात दोन माणसं आहेत, अंगावर जेमतेम कपडे, समोरासमोर, हात एकमेकांच्या दिशेने पसरलेले. झुंजीचा पवित्रा आहे हे मान्य. पण एका स्थिर चित्रावरून ती कुठली विद्या, आणि ती पंधरा शतकं गुरूकडून शिष्याकडे कशी आली, हे कसं कळणार? आपल्याकडच्या जुन्या मंदिरांच्या भिंतींवरही मल्ल कोरलेले आहेत. म्हणून आजची गादीवरची कुस्ती त्या मल्लांपासून जशीच्या तशी चालत आली, असं आपण म्हणत नाही.

ह्वारांगांचंही तेच. 1145 साली सिद्ध झालेल्या 'सामगुक सागी' या इतिहासग्रंथात त्यांचा उल्लेख येतो. निवडक तरुण एकत्र येत, नीतीची चर्चा करत, गाणं-संगीतात रमत, डोंगर-नद्या पाहत हिंडत, असं वर्णन आहे. पुढे त्यांच्यातून शूर सेनानी निघाले हेही खरं. पण त्या वर्णनात लाथाबुक्क्यांची कुठली पद्धत सांगितलेली नाही.

कोरियात लेखी पुरावाच नाही म्हणावं, तर तोही आहे. राजा जोंगजोच्या आज्ञेने 1790 मध्ये 'मुयेदोबोतोंगजी' हा सचित्र ग्रंथ तयार झाला. त्यात 24 युद्धकला आहेत. भाले, तलवारी, घोड्यावरच्या कसरती यांचीच गर्दी, आणि निःशस्त्र लढाईचं एकच प्रकरण, क्वोनबप. त्याचाही आधार चिनी सेनापती ची जिग्वांग याचं सोळाव्या शतकातलं लिखाण. तायक्वांदो तेव्हा रुजलेला असता, तर नेमक्या याच ग्रंथात तो भेटायला हवा होता.

आता दुसरा आक्षेप. 1944 ते 1946 या काळात सोल आणि आसपास युद्धकलेच्या ज्या शाळा सुरू झाल्या, त्यांना 'क्वान' म्हणत. चुंगदोक्वान काढणारे ली वॉन-कुक आणि सोंगमुक्वानचे रो ब्योंग-जिक हे दोघेही जपानमध्ये शिकत असताना कराटेगुरू गिचिन फुनाकोशींकडे कराटे शिकले होते. चांगमुक्वानचे युन ब्योंग-इन मांचुरियात चिनी पद्धत शिकले आणि पुढे जपानमध्ये कराटेगुरू तोयामा कानकेन यांच्याकडे गेले. या शाळांत जी नावं चालत तीच पाहा ना: तांगसूदो आणि कोंगसूदो. 'चिनी हात' आणि 'रिकामा हात' या अर्थांची ही नावं ज्या चिनी अक्षरांत लिहिली जातात, तीच अक्षरं जपानी माणूस वाचतो तेव्हा दोन्हींचा उच्चार कराटेदो असा होतो. म्हणजे त्या गुरूंनी काही लपवलंच नव्हतं. आपण काय शिकवतो ते त्यांनी उघड सांगितलं होतं.

तायक्वांदो हे नाव 1955 मध्ये पुढे आलं, जनरल चोई होंग-ही यांच्या पुढाकाराने. पण ते सगळ्यांना लगेच पटलं नाही. 1961 मध्ये कोरियातल्या संघटनेने तेसूदो हे नाव घेतलं, आणि 1965 मध्ये पुन्हा तायक्वांदोवर शिक्कामोर्तब झालं. चोई स्वतः जपानमध्ये कराटे शिकले होते आणि ते सांगायला त्यांना संकोच नव्हता.

तुम्ही आयटीएफचे (आंतरराष्ट्रीय तायक्वांदो महासंघाचे) पॅटर्न, म्हणजे हालचालींचे ठरलेले क्रम, शिकवता असं लिहिलंय, म्हणून एक विनंती. उद्या क्लासमध्ये हिरव्या पट्ट्याच्या मुलांकडून वॉनह्यो हा पॅटर्न करून घ्याल, तेव्हा शेजारी मोबाइलवर शोतोकान या कराटेच्या शाखेतला तसाच एक क्रम, हेइआन निदान, लावून ठेवा. वॉनह्योमध्ये मूल डावीकडे वळतं, वजन मागच्या पायावर घेतं, एक हात बाजूला अडवतो, दुसरा कपाळावर चढतो. मग उजवा हात आत येतो, आणि डाव्या हाताचा प्रहार. हेच उजवीकडे. पुढे एका पायावर उभं राहून बाजूची लाथ, सुरीसारख्या ताठ हातांचे तीन बचाव, आणि बोटांचा सरळ भोसका. हेइआन निदानमध्ये हाच क्रम याच वळणांनी येतो. हातांच्या तपशिलात फरक आहेत, सांगाडा एक आहे. मला हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी तोच तुकडा चार-पाच वेळा मागे नेऊन पाहिला होता.

मग दोन हजार वर्षांची गोष्ट का रुजली? इथे मला कोरियन लोकांबद्दल मनापासून आपुलकी वाटते. 1910 पासून 1945 पर्यंत तो देश जपानच्या ताब्यात होता. अखेरच्या वर्षांत शाळांतून कोरियन भाषा हद्दपार झाली, लोकांवर जपानी पद्धतीची नावं घेण्याची सक्ती झाली. त्या जोखडातून सुटलेल्या माणसांना, आपली सगळ्यात अभिमानाची विद्या त्याच सत्ताधाऱ्यांच्या देशातून आली, असं म्हणणं किती जड गेलं असेल! जुनी मुळं शोधण्यामागची ती कळ मला समजते. पण आपल्यावर ते ओझं नाही. आपल्या मुलांना आपण खरं सांगू शकतो. शिवाय कराटे तरी कुठे जपानच्या मुख्य भूमीवर उगवलं? ते ओकिनावाचं, आणि त्यात चिनी विद्येचा मोठा वाटा. घेतल्याने विद्या हलकी होत नाही.

आणि घेतल्यावर कोरियन लोकांनी जे केलं, ते माझ्या लेखात कमी पडलं असेल तर इथे भरून काढतो. हेइआन मालिकेतले पाचही फॉर्म (ठरलेले क्रम) तपासा, त्यांत गोल फिरून येणारी लाथ कुठेच नाही. कुक्कीवॉन या सोलमधल्या तायक्वांदोच्या मुख्य केंद्राच्या तेगुक मालिकेतल्या सहाव्या पूमसेत (फॉर्ममध्ये) ती आहे, दोल्यो चागी. 1960-70 च्या दशकांत छातीला संरक्षक कवच बांधून पूर्ण ताकदीच्या लढती सुरू झाल्या, आणि चेहऱ्यावर ठोसा मारायला बंदी राहिली. मग डोकं उघडं राहिलं ते फक्त पायासाठी. अशा नियमांखाली पाय काय काय शिकतो ते मैदानात दिसतं: टेकलेल्या पायाची टाच समोरच्याकडे पूर्ण वळते, कंबर उलटते, गुडघा आधी वर येतो आणि पोटरी शेवटच्या क्षणी चाबकासारखी सुटते. गुडघा कुठे जाणार हे समोरच्याला कळेपर्यंत लाथ कवचावर असते किंवा कानाशी. आजही गुण त्याच हिशोबाने मिळतात. ठोशाला 1, अंगावरच्या लाथेला 2, डोक्यावरच्या लाथेला 3, आणि लाथ अंग फिरवून मारली तर आणखी 2. 1973 मध्ये सोलला पहिली जागतिक स्पर्धा, 1988 मध्ये त्याच शहरात ऑलिंपिकमधलं प्रात्यक्षिक, आणि 2000 मध्ये सिडनीला पूर्ण पदकांचा खेळ. हे सगळं कोरियन कष्टांचं आहे, आणि त्यासाठी प्राचीनतेची गरज नाही.

आता तेक्क्यॉन. 'तेक्क्यॉनचा तायक्वांदोशी नावापलीकडे संबंध नाही' असं मी लिहिलं होतं. ते वाक्य घाईचं होतं. तेक्क्यॉन ही खरोखर जुनी गोष्ट आहे. यू सुक या चित्रकाराच्या 1846 मधल्या मानल्या जाणाऱ्या चित्रात गर्दीच्या मधोमध ती खेळली जाताना दिसते. जपानी राजवटीत ती जवळजवळ संपली. सोलचे सोंग दोक-गी, जन्म 1893 चा, लहानपणी शिकलेले, त्यांनी ती म्हातारपणापर्यंत अंगात जपली. 1983 मध्ये कोरियाने तिला अमूर्त सांस्कृतिक वारसा क्रमांक 76 म्हणून मान्यता दिली. सोंग 1987 मध्ये गेले, आणि 2011 मध्ये तेक्क्यॉन युनेस्कोच्या यादीत आली.

तिचं चालणंच वेगळं आहे. पायांच्या मूळ हालचालीला पुमबाप्की म्हणतात. 'पुम' हे चिनी अक्षर तीन चौकोनांचं, वर एक, खाली दोन. पाय त्याच तीन टोकांवर पडतात, गुडघे लवतात, अंग डुलतं, तोंडाने 'इक्, एक्' असा आवाज निघतो. कराटेसारखं रोवून उभं राहणं इथे नाही. जिंकायचं कसं, तर समोरच्याला खाली पाडायचं किंवा पायाने डोकं गाठायचं. आणि एक नियम मला फार आवडतो. प्रत्येकाने एक पाय पुढे, समोरच्याच्या टप्प्यात ठेवायचाच. त्याला म्हणतात देजप, म्हणजे पाहुणचार. झुंजीत समोरच्याला आपला पाय पाहुणचार म्हणून पुढे करायचा!

हे सगळं पाहता, तायक्वांदोचे फॉर्म तेक्क्यॉनमधून आले असं मी आजही म्हणणार नाही, ते वॉनह्योने दाखवलंच. पण ज्या समाजात पायाने खेळायची, पायाने डोकं गाठायची आवड इतकी जुनी होती, तिथल्या लोकांनी कराटे हाती आल्यावर त्यातली लाथच मोठी केली, यात त्या आवडीचा हात असणं मला पटण्यासारखं वाटतं. तुमची प्रतिक्रिया नसती तर मी याकडे वळलो नसतो. लेखातलं ते वाक्य आज काढलं आहे आणि तिथे पुमबाप्कीवर एक परिच्छेद घातला आहे. पाय ठेवण्याचा क्रम तुम्ही एकदा नजरेखालून घाला. क्लास घेणाऱ्या माणसाला त्यातली चूक माझ्याआधी दिसेल.