खिडकीत न मावणारे सभासद

गृहनिर्माण संस्थेचा सचिव व्हायला कसलीही पात्रता लागत नाही, फक्त सभेला उशिरा पोचावं लागतं. आपण चपला काढून आत शिरेपर्यंत ठराव मंजूर होऊन टाळ्याही वाजून गेलेल्या असतात. मग वर्षभर पाण्याचे टँकर, लिफ्टवाला आणि दुसऱ्याच्या पार्किंगमधली पाहुण्यांची गाडी. याला मी आता सरावलोय. मला खरा घाम फोडला तो खिडकीच्या पाकिटांनी.

वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची आणि तिची १४ पूर्ण दिवसांची नोटीस सभासदांना द्यायची, असा नियम. जे इमारतीत राहतात त्यांना वॉचमनकरवी वहीत सही घेऊन देता येते. पण आमच्या बऱ्याच सभासदांनी फ्लॅट भाड्याने दिलेत आणि ते स्वतः मुलांकडे, गावाकडे किंवा कायमच्या वैतागाने कोकणात राहतात. त्यांना टपालाने. व्हॉट्सअॅपवर टाकून भागत नाही. ‘मला नोटीस मिळालीच नाही’ असं सभेत उभं राहून सांगता यावं, एवढ्याचसाठी निळ्या खुणा बंद ठेवणारी मंडळी आहेत.

तर आमचे खजिनदार एक दिवस रविवार पेठेतून रिक्षा करून आले. रिक्षात ते कडेला अंग चोरून बसलेले आणि मधे पाकिटांचे गठ्ठे.

“साडेनऊ बाय सव्वाचार. खिडकीवाली. हजार नग, निम्म्या भावात!”

“हजार? आपल्याला वर्षाला शंभरसुद्धा लागत नाहीत.”

“म्हणजे दहा वर्षं बघायला नको. आणि पत्ता लिहायला नको, लेबलं चिकटवायला नकोत. पत्र आत सरकवलं की पत्ता आपोआप दिसतो.”

‘आपोआप’ म्हणणाऱ्याला ते काम स्वतः करायचं नसतं. पण रिक्षाचे पैसेही त्यांनी स्वतःच्या खिशातून दिले होते, त्यामुळे कार्यकारिणीत कोणी चकार शब्द काढला नाही.

या पाकिटाचं पेटंट शिकागोच्या अमेरिकस कॅलहन नावाच्या गृहस्थाने १९०२ च्या जूनमध्ये घेतलं. पत्रावर पत्ता असतोच, तोच पुन्हा पाकिटावर कशाला लिहायचा, असा त्याचा साधा हिशेब. हिशेबात चूक काही नाही. फक्त त्याच्या डोळ्यांसमोर शिकागोचा पत्ता होता: नाव, घर नंबर आणि रस्ता, शहर. तीन ओळींत माणूस संपला. आमच्या यादीतले एक सभासद हल्ली जावयाकडे असतात. त्यांचा पत्ता असा: ‘द्वारा’ जावयाचं संपूर्ण नाव, त्याच्या घराचं नाव, मारुती मंदिराच्या मागे, पिठाच्या गिरणीसमोर, जुन्या एसटी स्टँडजवळ, मु. पो. औंध, ता. खटाव, जि. सातारा. हा पत्ता वाचून डोळे मिटून त्या घरी जाता येईल. खिडकीत मात्र तो गिरणीपर्यंतसुद्धा पोचत नाही.

खरं तर याची सोय एका मराठी माणसानेच करून ठेवली आहे. टपाल खात्यातले वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी पिनकोड आखला आणि १५ ऑगस्ट १९७२ पासून तो लागू झाला. सगळा देश त्यांनी सहा आकड्यांत बसवला. पण आपण काय केलं, तर गिरणी, मंदिर, एसटी स्टँड हे सगळं जागच्या जागी ठेवून शेवटी पिनकोडची एक ओळ वाढवली.

मी पट्टी घेऊन बसलो. खिडकी ९० मिलिमीटर रुंद, ३५ मिलिमीटर उंच. वाटलं, भरपूर आहे. मग नोटिशीची तिहेरी घडी घालून पाकिटात टाकली, आणि पाकीट जरा हलवलं तर पत्र आत येरझाऱ्या घालायला लागलं. कारण उघड आहे. कागद आपण मिलिमीटरमध्ये घेतो आणि पाकिटं इंचांत. ए-फोर कागदाची रुंदी २१० मिलिमीटर, साडेनऊ इंची पाकिटाची २४१. म्हणजे पत्राला आडवं फिरायला सव्वा इंच मोकळं रान. तिहेरी घडीची उंची ९९, पाकिटाची १०८. म्हणजे उभ्यानेही नऊ मिलिमीटर उड्या मारता येतात. पत्र कुठल्याही कोपऱ्यात जाऊन बसलं तरी दिसेलच असा भाग काढायचा, तर दोन्हीकडून ही मोकळीक वजा करावी लागते. उरतात ५९ बाय २६. निम्मी खिडकी हिशेबातच गेली. राहिली ती काडेपेटीएवढी, आणि तिच्यात मला खटाव तालुका बसवायचा होता.

बरं, ही काडेपेटी कागदावर जिथे येते तिथे जागा रिकामी असावी की नाही? आमच्या लेटरहेडवर सगळ्यात वर ॥ श्री ॥, खाली गणपती, मग कमानीसारख्या वळलेल्या अक्षरांत संस्थेचं नाव, नोंदणी क्रमांक, पत्ता, आणि या सगळ्याखाली एक जाडजूड दुहेरी रेघ. ती रेघ नेमकी खिडकीच्या वरच्या कडेला येते. तिच्याखाली शासकीय वळणाचं आपलं पत्र सुरू होतं: जावक क्रमांक, दिनांक, मग ‘प्रति,’. हे ‘प्रति,’ एकटंच एक अख्खी ओळ अडवून बसतं. जावक क्रमांक मी उजवीकडे ढकलला. ‘प्रति,’ काढून टाकलं, तर अध्यक्ष म्हणाले, “असं कसं? पत्र कुणाला लिहिलंय ते कळायला नको?” अध्यक्ष बँकेतून मोठ्या पदावरून निवृत्त झालेत. ‘प्रति,’ परत आलं.

मंगल फाँटात बारा पॉइंटला एक ओळ साधारण सात मिलिमीटर घेते. इंग्रजी अक्षरं खालच्या मजल्यावर गपगुमान बसतात. आपल्याकडे वर वेलांट्या, मात्रा, रफार आणि खाली उकार. प्रत्येक ओळीला गच्ची आणि तळघर. हिशेबाने २६ मिलिमीटरमध्ये तीन ओळी आणि चौथीचं डोकं. त्यातली एक ‘प्रति,’. उरलेल्या दोन ओळींत नाव, द्वारा जावई, मंदिर, गिरणी, स्टँड आणि जिल्हा.

शेजारच्या विंगमधला इंजिनिअरिंगचा मुलगा म्हणाला, “काका, लाइन स्पेसिंग ‘एक्झॅक्टली’ करा आणि बारा टाका.” केलं. ओळी एकदम शहाण्यासारख्या जवळ आल्या, चक्क पाच मावल्या. मी खूश होऊन प्रिंट काढली. वर्डने जागा वाचवली होती ती सभासदांची डोकी उडवून. शिर्के यांचा रफार मात्रेसकट गेला आणि शिकच उरला. मोरे यांच्या दोन्ही मात्रा गेल्या, त्यांचं नुसतं ‘मार’ झालं. गुप्ते यांचं ‘गुप्त’ झालं, तेही पाकिटाच्या खिडकीत, सगळ्या जगाला दिसेल असं. मोरे आधीच गळतीच्या प्रश्नावरून संस्थेवर चिडलेले. त्यांना ‘मार’ असं लिहून पाठवण्याची माझी हिंमत झाली नाही.

मग मेल मर्ज, म्हणजे एकाच पत्रात यादीतला एकेक पत्ता आपोआप भरायची वर्डमधली सोय. ज्याने हे काढलं त्याला यादी म्हणजे काय हे माहीत असेल, आमची यादी माहीत नव्हती. त्याला आडनाव वेगळ्या रकान्यात हवं, शहर वेगळ्या. आमच्या खजिनदारांनी एक्सेलमध्ये सगळं एकाच रकान्यात भरलंय, वर कंसात ‘फोन करून जाणे’ अशी सूचनाही. मुंबईतल्या एका सभासदांच्या घराचा नंबर २/११. एक्सेलने त्याची परस्पर २ नोव्हेंबर ही तारीख करून टाकली. त्यांच्या पाकिटावर मजल्याऐवजी मुहूर्त आला.

पत्त्याची चौकट मी टेक्स्ट बॉक्समध्ये घातली होती. हा टेक्स्ट बॉक्स एका परिच्छेदाला बांधलेला असतो, आणि परिच्छेद सरकला की सोबत जातो. अध्यक्षांनी आदल्या रात्री विषयपत्रिकेच्या वर चार ओळींचं निवेदन घालायला सांगितलं. सकाळी उघडून बघतो तर पत्ते सगळे खाली उतरून ‘मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे’ या विषयावर जाऊन बसलेले. चौकट पानालाच खिळवून ठेवायची सोय वर्डमध्ये आहे, पण ती जिथे ठेवलीय तिथे पोचेपर्यंत निम्म्या सोसायटीचे फोन येऊन गेले. तेही जमलं, तर कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याचा प्रिंटर ‘फिट टू पेज’वर. तो प्रत्येक पान आपल्या मर्जीने थोडं आकसून छापतो. मिलिमीटर मिलिमीटर मोजून बसवलेला पत्ता पुन्हा दुहेरी रेघेखाली. “थोडंसंच लहान होतं हो, दिसतंय की सगळं,” तो म्हणाला. त्याला दिसत होतं. प्रश्न पोस्टमनचा होता.

भाचा श्टुटगार्टला आहे. त्याला ही कहाणी फोनवर सांगितली तर तो हसला नाही, उलट जर्मन गांभीर्याने म्हणाला, “मामा, तुमच्याकडे याचं स्टँडर्ड नाही?” त्यांच्याकडे डिन ५००८ म्हणून मानक आहे. पत्त्याचा चौकोन कागदाच्या वरच्या कडेपासून ४५ मिलिमीटरवर सुरू होतो. घडी कुठे घालायची त्याच्या बारीक रेघा डाव्या कडेला छापलेल्या असतात, १०५ आणि २१० मिलिमीटरवर. ते म्हणे पाठवणाऱ्याचा पत्तासुद्धा मुंगीएवढ्या अक्षरांत एका ओळीत त्याच खिडकीत घालतात. त्याने नमुना पाठवला. सुरेख होता. आमच्या लेटरहेडवर छापून पाकिटात घातल्यावर त्या चौकोनात गणपतीची सोंड आणि नोंदणी क्रमांकाचा उत्तरार्ध दिसायला लागला. जर्मनीत लेटरहेडवर गणपती नसतो, हे त्या मानकात गृहीत धरलेलं आहे.

शेवटी मी गणपतीला उजव्या कोपऱ्यात नेलं, दुहेरी रेघ बारीक केली, फाँट नऊवर आणला, पत्ते ओळी जोडून इंग्रजीसारखे आटोपशीर केले आणि ‘प्रति,’ खिडकीच्या कडेबाहेर जाईल इतकं वर सरकवलं. अध्यक्षांना पत्रात ते दिसत होतं, पोस्टमनला दिसणार नव्हतं. दोन्ही पक्ष समाधानी.

घड्या घालायला कार्यकारिणी माझ्या घरी जमली. पावसाळी हवेने निम्म्या पाकिटांची झाकणं आपापली चिकटून बसली होती. ती सुरीने सोडवायचं काम बायकोने घेतलं आणि त्याबरोबर पाकीट खरेदीवर बोलण्याचा हक्कही. खजिनदारांनी पोहे खाता खाता सगळं ऐकून घेतलं. घडीचं एक वेगळंच शास्त्र आहे. आपण सवयीने खालचा भाग वर आणि वरचा त्यावर दुमडतो, त्यात पत्ता आत जातो आणि खिडकीतून कोरा कागद बाहेर बघतो. इथे वरची घडी उलटी, मागे घालायची, म्हणजे पत्ता दर्शनी राहतो. हे मी सगळ्यांना करून दाखवलं. अध्यक्षांनी, “आम्ही बँकेत आयुष्यभर हेच केलं,” असं म्हणत कागद मधोमध दुमडला, पुन्हा मधोमध दुमडला आणि अंगठ्याच्या नखाने घडीवर इस्त्री केली. त्यांना सांगणार कोण? ते दुपारच्या झोपेला गेल्यावर आम्ही त्यांचा गठ्ठा पुन्हा उलगडला.

नोटिशींबरोबर थकबाकीची स्मरणपत्रंही याच पाकिटांतून गेली. त्यांत पत्त्याखाली लगेच विषय. आठवड्याभराने नाशिकहून एका सभासदांचा फोन आला.

“सचिव, ही काय पद्धत झाली? पाकिटावर माझं नाव कुठेच नाही!”

“असं कसं होईल? खिडकीत बघा ना.”

“बघितलं. खिडकीत गल्ली आहे, पिनकोड आहे, आणि खाली ठळक अक्षरांत ‘देखभाल शुल्काची थकबाकी’!”

पत्र आत वर सरकलं होतं. नऊ मिलिमीटर.

“मग ते तुमच्यापर्यंत पोचलं कसं?” मी विचारलं.

पलीकडे जरा शांतता. “पोस्टमन म्हणाला, या गल्लीत तुमचंच असणार.”

सभा ठरल्या दिवशी झाली. गणपूर्तीअभावी अर्धा तास तहकूब, मग त्याच जागी तीच माणसं. अहवाल, ताळेबंद, रंगकामाचं कोटेशन. अध्यक्षांच्या परवानगीने ऐन वेळचे विषय आले तेव्हा एक सभासद उठून म्हणाले की यंदाची पत्रं फार सुबक होती, अगदी बँकेतून आल्यासारखी वाटली. खजिनदार उभे राहिले, हात जोडले, टाळ्या घेतल्या. त्याच ओघात कोणीतरी सुचवलं की यापुढे सभेचं इतिवृत्तसुद्धा सर्व सभासदांना याच पाकिटांतून पाठवावं, साठा आहेच. सूचक बी विंग, अनुमोदक खजिनदार, ठराव सर्वानुमते मंजूर. मी तेव्हा लाऊडस्पीकरवाल्याचा हिशेब करत होतो.

इतिवृत्त सात पानांचं झालंय. सात पानांची एकत्र तिहेरी घडी घालून बघा एकदा.