बाजू घेतलेल्यांची भिंत

बोलोन्याच्या नेपच्यून चौकात एक भिंत आहे. तिच्यावर काचेमागे दोन हजारांहून जास्त छोटे फोटो आहेत, बहुतेक तरुण चेहरे, बायकाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात फॅसिस्ट याच भिंतीशी पार्टिझनांना, म्हणजे त्यांच्याविरुद्ध लढणाऱ्या बंडखोरांना, उभं करून गोळ्या घालायचे. २१ एप्रिल १९४५ ला शहर मुक्त झालं आणि घरच्यांनी आपापल्या माणसाचा फोटो आणि फुलं आणून तिथं लावली. स्मारक नंतर झालं, आधी घरच्यांचे हात लागले.

दर वर्षी २५ एप्रिलला, म्हणजे इटलीच्या मुक्तिदिनी, मी माझ्या शेजारच्या आजींबरोबर तिथं जाते. त्या ब्याऐंशी वर्षांच्या आहेत. वडील गेले तेव्हा त्या रांगत होत्या. काचेवर बोट ठेवून त्या वडिलांचा फोटो दाखवतात, आणि दुसऱ्या वर्षी त्यांनी मला जे सांगितलं ते माझ्या डोक्यातून जात नाही. वडिलांच्या तुकडीनं खबऱ्या समजून एका गावकऱ्याला मारलं होतं. तो खबऱ्या नव्हता. "ती चूक होती, आणि ती आमच्या माणसांनी केली," त्या म्हणाल्या. भिंतीसमोर उभं राहून, फुलं हातात असताना. त्यांचे सख्खे मामा मुसोलिनीच्या सालो सरकारच्या, म्हणजे जर्मनांच्या आधारानं चाललेल्या फॅसिस्ट सरकारच्या, फौजेत होते, हेही त्यांनीच सांगितलं. मामांची बाजू चुकीची होती, याबद्दल मात्र त्यांच्या मनात तसूभरही शंका नाही.

इटालियनमध्ये पार्टिझनाला 'पार्तिजानो' म्हणतात. 'पार्ते' म्हणजे बाजू, आणि ती घेणारा तो पार्तिजानो. इथे हा शब्द मानाचा आहे. आपल्याकडे 'पक्षपाती' ही शिवी आहे आणि 'निःपक्षपाती' हे प्रमाणपत्र. तरीही गेल्या काही वर्षांत सुट्टीवर घरी आले की मला सगळे कुठल्या ना कुठल्या बाजूला उभे दिसतात, आणि ती बाजू कशासाठी घेतली हे विचारलं की उत्तरात एका नेत्याचं नाव येतं.

जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली, जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी. आमच्या घरातले दोन चुलतभाऊ तेव्हापासून बोलत नाहीत. आजीच्या वर्षश्राद्धाला एक सकाळी येऊन गेला, दुसरा संध्याकाळी. मला राग आहे तो त्यांच्या मतभेदांचा नाही. दोघांनाही मी फोनवर एकच विचारलं, तुझ्या गटाचं गेल्या दोन वर्षांत काय चुकलं? दोघांनीही समोरच्या गटाचं काय चुकलं ते सांगितलं. पाण्याचं, उसाच्या बिलाचं, शाळेतल्या रिकाम्या जागांचं कुणीच बोललं नाही. नेता फिरला की आदल्या दिवशीची सगळी मतं घेऊन कार्यकर्ता फिरतो. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानं आमदाराला धरून ठेवायचा प्रयत्न केला. कार्यकर्त्याच्या मनाला धरून ठेवणारं काही होतं ते कुठं गेलं, हा माझा प्रश्न आहे.

कारण आपल्याकडे पार्टिझन होते. १९४३ ते ४६ या काळात साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटलांचं पत्री सरकार होतं, इंग्रजांना समांतर. गावोगाव न्यायनिवाडे, सावकारांना जरब, तुफान सेना, १९४३ मध्ये शेणोलीजवळ अडवलेली पगाराची गाडी. आजचा सांगली जिल्हा तेव्हा साताऱ्यातच होता. माझे आजोबा वाळव्याकडचे, भूमिगतांचे निरोप पोचवायचे. पोलीस घरात शिरले तेव्हा चिठ्ठी त्यांनी गिळली होती, हे आजी सांगायची, ते नाही. स्वातंत्र्यानंतर ही सगळी माणसं पांगली, कुणी काँग्रेसमध्ये राहिलं, कुणी शेकापमध्ये गेलं, नाना पाटील कम्युनिस्ट झाले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात तर ते आणि यशवंतराव चव्हाण समोरासमोर होते, आणि दोघंही बेचाळीसच्या लढ्यातून आलेले. १९५७ ला नाना पाटील साताऱ्यातून खासदार झाले. भांडण कडकडीत होतं, पण ते मुंबई कुणाची यावर होतं. बाजू बदलली तरी लोकांना त्याचं कारण सांगता यायचं.

इटलीतले पार्टिझन देव होते असं मी म्हणत नाही. सप्टेंबर १९४३ मध्ये कम्युनिस्ट, समाजवादी, ख्रिश्चन डेमोक्रॅट, लिबरल अशा सहा पक्षांनी मिळून राष्ट्रीय मुक्ती समिती केली, आणि तरी १९४५ च्या फेब्रुवारीत ईशान्येकडे पोर्झूसला कम्युनिस्ट पार्टिझनांनी बिगर-कम्युनिस्ट ओसोप्पो ब्रिगेडच्या पार्टिझनांनाच मारलं. मेलेल्यांत एकोणीस वर्षांचा ग्विदो पासोलिनी होता, कवी आणि दिग्दर्शक पिएर पाओलो पासोलिनीचा धाकटा भाऊ. पिएर पाओलो पुढे स्वतः कम्युनिस्ट पक्षात गेला. भावाचा खून कुणी केला हे माहीत असून. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला ते कळलं नाही. आता थोडं कळतं: विचार एकीकडे आणि त्या विचाराच्या नावानं झालेला खून दुसरीकडे, असं दोन्ही एकाच छातीत बाळगणं त्याला जमलं असावं. ते फार जड असणार.

सिनेमाचंही तेच. दिग्दर्शक रोसेलिनीनं 'रोम, खुलं शहर'चं चित्रीकरण १९४५ च्या सुरुवातीला सुरू केलं तेव्हा उत्तर इटली अजून जर्मनांच्या ताब्यात होती. त्यात एक पाद्री आणि एक कम्युनिस्ट एकाच बाजूनं मरतात. खऱ्या आयुष्यात त्यांनी एकमेकांना मतही दिलं नसतं. पोर्झूसवरचा सिनेमा मात्र १९९७ मध्ये आला, पन्नास वर्षं उलटल्यावर, आणि त्यावर मोठा वाद झाला. आपल्या बाजूचं पाप पडद्यावर आणायला इटालियनांनाही इतका वेळ लागला. पण आणलं. आपल्याकडे आता इतिहासावरचा सिनेमा लागला की तो कसा आहे हे कुणी विचारत नाही. पाहिलास म्हणजे तू त्यांचा, नाही पाहिलास म्हणजे तू ह्यांचा. मी एकदा कुटुंबाच्या ग्रुपवर लिहिलं की मध्यंतरानंतर पटकथा ढिली पडते, तर एका काकांनी विचारलं, परदेशात राहून धर्म विसरलीस का? मी पटकथेबद्दल बोलत होते.

एक गोष्ट मला सारखी सांगावीशी वाटते. मे १९४७ मध्ये इटलीत डाव्या पक्षांना सरकारमधून बाहेर काढण्यात आलं. शीतयुद्ध दाराशी आलेलं. तरी त्याच डाव्यांनी संविधान सभेतलं काम सोडलं नाही, आणि डिसेंबरमध्ये ४५३ विरुद्ध ६२ मतांनी संविधान मंजूर झालं. त्यावर ख्रिश्चन डेमोक्रॅट पंतप्रधान दे गास्पेरी आणि सभेचे कम्युनिस्ट अध्यक्ष तेर्राचिनी या दोघांच्या सह्या आहेत. त्याच वर्षी आपल्याकडे, काँग्रेसवर आयुष्यभर कठोर टीका केलेले बाबासाहेब फाळणीमुळे बंगालची जागा गेल्यावर काँग्रेसच्याच पाठिंब्यानं मुंबईतून पुन्हा संविधान सभेत आले आणि मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. बाजू कुणीच सोडली नव्हती.

बोलोन्याहून गाडीनं तासाभरात सेनिओ नदी लागते. दोन्हीकडे मातीचे उंच बांध, मध्ये अरुंद पाणी. ९ एप्रिल १९४५ ला मराठा पलटणीच्या नामदेव जाधवांनी इथं गोळीबारातून जखमी साथीदारांना पाण्यातून पलीकडून परत आणलं, शत्रूच्या मशीनगन बंद पाडल्या आणि बांधावर चढून मराठ्यांची युद्धगर्जना करत मागच्या कंपन्यांना बोलावलं. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळाला. आदल्या वर्षी तिबेर नदीच्या खोऱ्यात बावीस वर्षांचे यशवंत घाडगे पडले, त्यांनाही मरणोत्तर तोच मिळाला. मराठी पोरं इथं ब्रिटिशांच्या गणवेशात इटलीच्या पार्टिझनांच्या बाजूनं लढत होती, आणि तेव्हाच साताऱ्यात मराठी पोरं त्याच ब्रिटिशांच्या गाड्या अडवत होती.

आजोबांचे एक चुलतभाऊ याच पलटणीत होते, १९४६ ला परत आले. एक सरकारशी लढलेला, एक सरकारसाठी लढलेला, आणि शेताचा बांध एकच. पत्री सरकारच्या माणसाला गोऱ्यांच्या पलटणीतून आलेला भाऊ कसा चालला, असं मी लहानपणी एकदा विचारलं होतं. आजोबांनी उत्तर दिलं नाही. पलटणीकडून आलेली पेन्शनची इंग्रजी पत्रं त्या भावाला वाचता यायची नाहीत. ती आजोबा वाचून दाखवायचे, अर्ज भरून द्यायचे, आणि भाऊ अंगठा उमटवायला ओसरीवर येऊन बसायचे, तेव्हा शाईची डबी मला आणायला सांगायचे.